सोयरिकीची जमीन

वऱ्हाडात स्थळ पाहायला आलेली माणसं चहा येईपर्यंत पावसावर बोलतात आणि चहा आला की शेतीवर येतात. मुलाचं शिक्षण, नोकरी, उंची, रक्तगट हे सगळं बायोडेटात छापलेलंच असतं. त्यावर काय बोलायचं? बोलायचं ते न छापलेल्या गोष्टींवर. आठ एकरांतली ओलिताची किती? विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं का? शेत रस्त्याला लागून आहे की धुऱ्याधुऱ्यानं जावं लागतं? आणि सगळ्यात शेवटी, अगदी सहज आठवल्यासारखं, भाऊ किती? ह्या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर आठ एकरांचे कधी चार होतात, कधी दोन. एकुलत्या एका मुलाला लग्नाच्या बाजारात जो भाव आहे, तो त्याच्या गुणांमुळे आलेला नाही.

अलीकडे ह्यात एक नवी अट आली आहे. मुलीकडच्यांना जावई शेतकरी नको असतो, पण जावयाला शेती हवी असते. तो पुण्यात हिंजवडीला असावा, त्याची जमीन आमच्या शिरपूर जैनच्या शिवारात असावी आणि दोघांची गाठ वर्षातून एकदा दिवाळीला पडावी. सोयाबीन आणि तूर स्वतः पिकवणारी आमच्याकडची धट्टीकट्टी मुलं ह्या अटीपायी बिनलग्नाची बसली आहेत, आणि आपलं शेत मोबाईलच्या नकाशावर शोधणाऱ्यांचे मांडव धडाक्यात पडताहेत.

जमिनीचा आणि सोयरिकीचा हा हिशेब कुणीतरी स्वीडनमध्ये बसूनही इतक्याच बारकाईनं मांडला आहे, हे मला भाच्यामुळे कळलं. तो नागपूरला इंजिनिअरिंगला आहे आणि सुटीत मामाकडे येतो. मामाकडे येतो म्हणजे लॅपटॉपसह येतो आणि लॅपटॉपकडेच राहतो. त्याच्या खेळाचं नाव ‘क्रुसेडर किंग्ज’. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स नावाच्या कंपनीनं तो काढला. दुसरी आवृत्ती २०१२ ची, तिसरी २०२० ची. नकाशा आइसलंडपासून थेट आपल्या दख्खनपर्यंत. त्यातला एक मुलूख घ्यायचा आणि पिढ्यान्‌पिढ्या राज्य वाढवत न्यायचं. हत्ती, तोफा, चढाया असं काहीतरी दिसेल म्हणून मी शेजारी जाऊन बसलो, तर हा पठ्ठ्या एका सरदाराच्या तिसऱ्या मुलीचं वय तपासत होता.

“लढाई कुठं आहे?” मी विचारलं.

“लढाई कशाले, मामा? माणसं मरतात, पैसा जाते. त्यापेक्षा सून आणू ना. दोन पिढ्या दम धरला की अख्खा मुलूख आपल्या घरात येते.”

खेळाची रीत अशी. तुम्ही राजा नसता, घराणं असता. राजा मेला की तुम्ही त्याचा मुलगा होऊन पुढे खेळायचं. घराण्यात वारसच उरला नाही की खेळ खलास. दुसऱ्याच्या मुलखावर मन मानेल तेव्हा चालून जाता येत नाही, त्यासाठी दावा लागतो. दावा खोटे कागद रंगवूनही मिळतो, पण सगळ्यात स्वस्त आणि निर्धोक दावा लग्नातून येतो. शेजारचा मुलगा नसलेला सरदार हेरायचा, त्याची थोरली मुलगी आपल्या मुलाला करून घ्यायची आणि स्वस्थ बसायचं. होणारा नातू बापाकडून एक गादी घेतो, आईकडून दुसरी. मध्येच त्या सरदाराला म्हातारपणी मुलगा झाला तर पंचाईत होते. पण ह्या खेळात अशी मुलं घोड्यावरून पडतात, विहिरीजवळ घसरतात, त्यांना रात्रीतून ताप भरतो. भाच्याच्या राज्याशेजारी बालमृत्यूचं प्रमाण फारच होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो छताकडे पाहू लागला.

इथवर खेळ सुखाचा आहे. खरी गंमत पुढे आहे. तीन पिढ्यांच्या लग्नांतून जोडलेला मुलूख राजा मरताच सगळ्या मुलांत वाटला जातो. थोरल्याला गादी आणि राजधानी, मधल्याला डोंगराकडचा भाग, धाकट्याला नदीकाठ. वारस हवा म्हणून काल देव पाण्यात घालून बसलेला खेळाडू आज तीन मुलगे झाले म्हणून कपाळावर हात मारतो. मग जादा मुलांना मठात पाठव, लढाईत सगळ्यांत पुढे उभं कर, असे उद्योग सुरू होतात. भाचा ह्या कायद्याला शिव्या घालत होता. मला मात्र परक्या मुलखात कुणी गाववाला भेटावा तसं झालं. आमच्या तलाठ्याला हा खेळ कुणी शिकवावा लागणार नाही. फक्त ‘फेरफार’ कुठे दाबायचा एवढंच तो विचारेल.

खेळ ८६७ पासून किंवा १०६६ पासून सुरू करता येतो. म्हणजे दख्खनेत एक तर राष्ट्रकूट अमोघवर्षाचा काळ किंवा कल्याणीच्या चालुक्यांचा. मी भाच्याला म्हटलं, उशीर केला स्वीडनवाल्यांनी. हा डाव त्याच्या चार-पाचशे वर्षं आधी आपल्याकडे रंगून गेला आहे, आणि त्यातली एक राजधानी इथून एसटीनं जायच्या अंतरावर आहे.

वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. वाकाटकांचा पहिला प्रवरसेन मोठा सम्राट; चार अश्वमेध केलेला. एवढा जोडलेला मुलूख त्याच्या मागे वाटला गेला. पुराणं म्हणतात की त्याचे चारही मुलगे राजे झाले. त्यातल्या दोन शाखा इतिहासाला ठाऊक आहेत. एक नागपूरजवळच्या नंदिवर्धनला, दुसरी सर्वसेनाची, आमच्या वत्सगुल्मला. म्हणजे वाशीम राजधानी झालं ते वाटणीत. थोरल्या शाखेचा राजा पहिला रुद्रसेन हा प्रवरसेनाचा नातू. बाप राज्यावर यायच्या आधीच गेलेला. चुलत्यांच्या गराड्यात हा पोरगा टिकला कसा? त्या घराण्याचे ताम्रपट त्याची ओळख करून देताना न चुकता सांगतात की हा भारशिव महाराज भवनागाच्या मुलीचा मुलगा. चार अश्वमेध करणारा आजोबा घरात असताना आईच्या बापाचं नाव पिढ्यान्‌पिढ्या कोरत राहावं लागलं, तेव्हा त्या आजोळचं वजन काय असेल ते ओळखावं. भाच्याला हा मुद्दा फार पटला. नको इतका पटला.

पुढच्या डावात खेळाडू बदलला. चौथ्या शतकाच्या शेवटाला दुसऱ्या चंद्रगुप्तानं आपली मुलगी प्रभावती नंदिवर्धनच्या दुसऱ्या रुद्रसेनाला दिली. गुप्तांना पश्चिमेकडच्या क्षत्रपांशी झुंजायचं होतं आणि त्या वाटेला वाकाटकांचं राज्य लागून होतं. जावई लवकरच वारला. मुलं लहान. प्रभावतीनं निदान १३ वर्षं स्वतः कारभार पाहिला. एकही शिपाई न पाठवता पाटलिपुत्राचा शब्द विदर्भात चालू लागला. भाच्याच्या भाषेत, डाव जिंकला. पण प्रभावतीचा पुण्याचा ताम्रपट पाहिला तर तिनं सुरुवातीला वंशावळ दिली आहे ती गुप्तांची, आणि गोत्र सांगितलं आहे धारण, म्हणजे बापाचं. सासरचं विष्णुवृद्ध गोत्र तिनं लावलेलं नाही. सोळाशे वर्षांपूर्वी नाव न बदलता सासरी राज्य करणारी बाई आपल्या विदर्भात होऊन गेली, आणि आपण अजून बँकेच्या पासबुकावरच्या आडनावापाशी अडलेलो आहोत.

जमिनीचं काय झालं? मुलगा दुसरा प्रवरसेन मोठा झाला आणि वाकाटक म्हणूनच राज्य करू लागला. पुढे त्याची शाखा संपली आणि तिचा मुलूखही वत्सगुल्मच्या हरिषेणाकडे आलेला दिसतो. हाच तो हरिषेण, ज्याचा मंत्री वराहदेव ह्यानं अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं कोरवलं. इतकी मोठी सोयरीक करूनही मुलूख शेवटी गेला तो भाऊबंदांकडेच. आमच्याकडे कोणालाही विचारा, ह्यात नवल काही नाही म्हणेल.

मध्ययुगात उतरलो की हा खेळ अधिक रोखठोक होतो. १५२४ साली विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली. नगरकरांचं म्हणणं, सोलापूरचा किल्ला लग्नात कबूल केला होता. विजापूरकर म्हणाले, कधी? आपल्याकडे मोटारसायकलवरून जे बोलणं होतं ते तिथं किल्ल्यावरून झालं. फरक एवढाच की तिथं दुसऱ्या वर्षी फौजा निघाल्या आणि पुढची कित्येक वर्षं सोलापूरच्या तटाखाली माणसं मरत राहिली. चाळीसेक वर्षांनी वारं फिरलं. हुसेन निजामशहानं आपली मुलगी चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूर दिलं. उलट अंगानं अलीची बहीण नगरच्या शहाजाद्याला झाली, म्हणजे चक्क साटंलोटं. त्या सोयरिकीच्या बळावर १५६५ साली तालिकोटची लढाई जिंकली गेली. एकच किल्ला दोन लग्नांच्या याद्यांत लागलेला असं दुसरं उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

आणि ह्या चांदबीबीचा आमच्याशी संबंध आहे. विजापूरहून ती विधवा होऊन माहेरी परतली, भावाच्या नातवाची गादी राखायला उभी राहिली आणि १५९५ साली मुघलांनी नगरला वेढा घातला तेव्हा तटावर चढून लढली. तह झाला १५९६ साली. नगर वाचलं, त्या बदल्यात मुघलांना दिलं वऱ्हाड. माहेर सोडताना हिच्यासोबत सोलापूर गेलं, माहेर राखताना हिच्या हातून वऱ्हाड गेलं. शिरपूरला कुणी विचारलं नाही. आजही विचारत नाहीत, पण तेव्हापासूनची सवय आहे म्हणून सोसतं.

मुंबईची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: १६६१ च्या तहात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर, कॅथरीनबरोबर, ती इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण मिळाली. ताब्याची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. इंग्रजांचं जहाज मुंबईला आलं तर इथला पोर्तुगीज अधिकारी बेट द्यायलाच तयार होईना. कागद बरोबर नाहीत, सही दिसत नाही, अशा हरकती. ताबा घ्यायला आलेली फौज दक्षिणेत कारवारपाशी अंजदीव बेटावर वाट पाहत बसली आणि त्यातली बहुतेक माणसं, त्यांच्या सेनापतीसह, तिथंच वारली. ताबा मिळाला १६६५ मध्ये. खरेदीखत हातात असून शेतात पाय ठेवता येत नाही, असे आमच्या तालुक्याच्या कोर्टात रोज दिसणारे जे लोक आहेत, त्यांनी ह्या फौजेची आठवण काढून दोन घास जास्त खावेत. एवढं करून राजाला त्या राणीपासून मूल झालंच नाही. त्यानं १६६८ साली मुंबई वर्षाला दहा पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला लावून दिली. आपल्या भाषेत, मक्त्यानं.

पण लग्नाच्या ह्या सगळ्या खेळात सर्वांत मोठी खेळी झाली ती थेट आमच्या नावावर. १८५३ साली निजामानं वऱ्हाड कर्जापोटी इंग्रजांच्या हाती दिलं आणि १९०२ साली वर्षाला २५ लाखांवर कायमचं लावून दिलं. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची. तिकडे १९२४ मध्ये तुर्कस्ताननं खिलाफत मोडली आणि शेवटचा खलिफा दुसरा अब्दुल मजीद फ्रान्समध्ये नीसला जाऊन राहिला. जगातला त्या वेळचा सर्वांत श्रीमंत गणला जाणारा निजाम त्याला महिन्याला ३०० पौंड पाठवीत होता. मौलाना शौकत अलींनी शब्द टाकला, आणि १९३१ साली नीसमध्ये निजामाचा थोरला मुलगा आझम जाह आणि खलिफाची एकुलती मुलगी दुर्रुशेवार ह्यांचं लग्न लागलं. धाकट्या भावालाही त्याच घराण्यातली निलोफर मिळाली. ह्या लग्नातून निजामाचा नातू एका हातात हैदराबाद आणि दुसऱ्या हातात खिलाफतीचा दावा घेऊन जन्मणार होता. भाच्यानं हे ऐकलं आणि पहिल्यांदाच लॅपटॉप मिटला.

पुढे १९३६ साली इंग्रजांनी निजामाच्या मानापोटी त्याच्या वारसाला पदवी दिली: ‘बेरारचा युवराज’. म्हणजे दुर्रुशेवार झाली वऱ्हाडची युवराज्ञी. आता हे चित्र डोळ्यांपुढे आणावं. इस्तंबूलच्या सुलतानांच्या घरात जन्मलेली, फ्रेंच आणि इंग्रजी बोलणारी राजकन्या. आणि तिच्या किताबाखाली अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ, म्हणजे मालेगाव, रिसोड आणि आमचं शिरपूरसुद्धा. आमचे आजोबा धुऱ्यावर बसून भाकर खात असताना त्यांची युवराज्ञी उस्मानी खलिफाची मुलगी होती, आणि ह्याचा दोघांनाही पत्ता नव्हता. पटवाऱ्याच्या दप्तरात तिचं नाव कधी चढलं नाही. सारा इंग्रज घेत होता.

नातू झाला, १९३३ साली. मात्र बेरारच्या युवराजाला बेरार तर मिळालं नाहीच, हैदराबादही मिळालं नाही; १९६७ साली निजाम वारला तेव्हा मुलाला डावलून वारसा थेट नातवाकडे, मुकर्रम जाहकडे गेला. चार वर्षांत संस्थानिकांच्या पदव्या आणि तनखे गेले. आणि खिलाफतीचा दावा ज्याच्यात यायचा तो हा नातू पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढ्यांचं कुरण घेऊन बसला. दुर्रुशेवारचं नाव आज जिथं वाचायला मिळतं ती एकही जमीन नाही. हैदराबादच्या जुन्या शहरातलं एक इस्पितळ आहे.

शिरपूरला राहून जमिनीच्या लोभावर बोलताना थोडा संकोच होतो, कारण आमच्या गावच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीला टेकलेलीच नाही अशी शेकडो वर्षांची श्रद्धा आहे. मूर्तीनं जमीन सोडली तरी वारशाचा प्रश्न काही सुटला नाही. दिगंबर आणि श्वेतांबर ह्या एकाच घरच्या दोन शाखा; त्यांच्यातला वाद १९२९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९८१ मध्ये देवळाला कुलूप लागलं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं दार उघडलं ते २०२३ साली. मधली चाळीस-बेचाळीस वर्षं भाविकांनी झरोक्यातून दर्शन घेतलं. देवाची ही गत, तर आमच्या धुऱ्यांचं काय सांगावं! महाराष्ट्रातलं सरासरी शेत १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टरांचं होतं, २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरांवर आलं. त्यासाठी कुणी चढाई केली नाही. फक्त मुलगे झाले.

हे सगळं भाच्याला सांगताना एक गोष्ट माझ्याच ध्यानात आली. लग्नात मिळवलेल्या ह्या मुलखांचं एकही खरेदीखत आज चालत नाही. प्रभावतीबद्दल आपल्याला जे कळतं ते तिनं मिळवलेल्या जमिनीमुळे कळत नाही, दिलेल्या जमिनीमुळे कळतं. ते ताम्रपट म्हणजे दानपत्रं आहेत. अमुक गाव अमुक आचार्याला दिलं, एवढाच मूळ मजकूर. वाशीमला १९३९ साली सापडलेला वाकाटक राजा विंध्यशक्तीचा ताम्रपटही गावाच्या दानाचाच. घेतलेलं कोणी तांब्यावर कोरत नाही.

मग वाटलं, जमीन देणाऱ्या बाया तर आमच्याकडेही गावोगाव आहेत. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मानंच असतो हे पुन्हा स्पष्ट केलं. वडील गेले, तेरावं झालं की भावांना बहिणीची माया एकदम दाटून येते. गाडी पाठवतात, साडीचोळी करतात आणि येता येता तहसिलात जरा थांबतात. तिथं हक्कसोडपत्र तयार असतं. ती सही करते, कारण पुढं दिवाळीला यायचं असतं. एकरांमागे एकर अशा दानात जातात, पण त्यांचा ताम्रपट निघत नाही. प्रभावतीनं गावं दिली ती राज्य हातात ठेवून. आमच्या बहिणी देतात ते माहेर हातचं जाऊ नये म्हणून.

“पण मामा,” भाचा म्हणाला, “गेममध्ये आईचा दावा पोराले मिळते.”

ते मला माहीत होतं. त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या ताईनं, सही केलेली नाही. तिला शेत विकायचं नाही, हिस्सा पाडून मागायचा नाही. सातबाऱ्यावर नाव राहू दे, एवढंच म्हणाली. नावं चढली त्या दिवशी मला वाटलं होतं, आता ह्या शेतात धुरे वाढणार. धुरे आहेत तेवढेच आहेत. नवीन झालं ते असं की बाजार समितीत भाव पडला की ताईचा नागपूरहून फोन येतो. “कितीनं गेली?” मी आकडा सांगतो. “तूर कमी लाव म्हणलं होतं ना तुले?” म्हणते, आणि पुढं दहा मिनिटं खताचा, मजुरीचा, फवारणीचा हिशेब घेते. नफ्यातला हिस्सा तिनं अजून मागितलेला नाही. तोट्यातला न मागता उचलते. वऱ्हाडच्या युवराज्ञीनं वऱ्हाडातल्या तुरीचा भाव विचारल्याचं काही कुठं नमूद नाही. ताई विचारते.